सेल्युलर जेल: कोठडी बघून परत फिरायचं, की जेल बघायचं?

पायवाट
अंदमानच्या मराठी सहलींचे कार्यक्रम वाचा. सेल्युलर जेलच्या वाट्याला येतो दुपारचा दीड तास आणि संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो. त्या दीड तासात फाटकाजवळची छायाचित्रं धावत बघायची, थेट सातव्या विंगचा तिसरा मजला गाठायचा, टोकाच्या कोठडीपुढे रांग लावायची, नमस्कार, फोटो, आणि खाली. माझं स्पष्ट मत आहे की हे सावरकरांच्या कोठडीचं दर्शन झालं. जेल बघायचं राहिलंच.

या इमारतीत छळ होता तो बांधणीतच होता. १८९६ ला काम सुरू झालं, १९०६ ला संपलं. मधे मनोरा आणि त्यातून फुटलेल्या तीन मजली सात विंग. प्रत्येक विंगच्या कोठड्यांची दारं एकाच बाजूला, आणि त्या दारांसमोर पुढच्या विंगची पाठ. म्हणजे गजांतून बाहेर पाहिलं तर समोर भिंत आणि उंचावरचे झरोके, माणसाचं तोंड नाही. बराकच नव्हती, ६९३ च्या आसपास एकेकट्या कोठड्या. प्रत्येक विंगमधून बाहेर पडायचं तर मनोऱ्यातूनच, त्यामुळे पहारा मधे बसून सगळ्यांवर. बाबाराव आणि तात्याराव हे सावरकर बंधू एकाच जेलमध्ये असून बराच काळ एकमेकांना भेटू शकले नाहीत, ते कसं, हे टोकाच्या कोठडीत उभं राहून कळत नाही. मनोऱ्याच्या गच्चीवर उभं राहिलं की कळतं.

निदान एका दाराची कडी तरी नीट बघा. अडसराचा लांब दांडा दारापासून बाजूला जाऊन भिंतीतल्या कोनाड्यात अडकतो, कुलूप तिथे. आतून गजांमधून हात कितीही ताणला तरी बोटं पोचत नाहीत. मुलांना करून बघायला सांगा, दहा सेकंदांत समजतं.

तीन तास हवेत. त्याखाली अर्थ नाही.

ताम्हण
दर्शन झालं तर बिघडलं कुठे? मराठी माणूस हजारो रुपये खर्चून अंदमानला जातो तो त्या एका कोठडीसाठी. ४ जुलै १९११ ला त्यांना तिथे आणलं, १९२१ पर्यंत ठेवलं. दहा वर्षं! तिथे हात जोडणं म्हणजे अडाणीपणा, असा सूर कशाला?

आणि तीन तास म्हणणं सोपं आहे. सहलीतली निम्मी माणसं साठीच्या पुढची. लिफ्ट नाही. तीन मजले चढा, लांबलचक व्हरांडा चाला, मनोरा चढा, उतरा, मग अंगणातलं फाशीघर आणि कोलूची, म्हणजे तेलाच्या घाण्याची शेड. अंगणात सावली नाही, हवा दमट, घामाने माणूस अर्ध्या तासात निथळतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईंना आधी मनोरा दाखवलात तर त्या वर कोठडीपर्यंत पोचणारच नाहीत. ज्यासाठी आल्या तेच राहील. म्हणून सहलवाले आधी कोठडी घेतात, आणि ते बरोबरच आहे.

नकाशावाला
गुडघ्यांचा मुद्दा मान्य, पण तो क्रमाचा आहे, वेळेचा नाही. खरी चूक दुपारी जाण्यात आहे. चेन्नई किंवा कोलकात्याहून सकाळचं विमान, हॉटेल, जेवण आणि 'पहिला दिवस हलका' म्हणून जेल. जेल दुपारी जेवणाच्या वेळेला बंद असतं, संध्याकाळी लवकर बंद होतं, त्यामुळे हातात उरतो तुकडा. त्यात सगळ्या सहलींचं वेळापत्रक एकच, त्यामुळे तीन-चार फुटी व्हरांड्यात शंभर माणसं.

शिवाय तिथे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं आणि सूर्य पूर्वेचा. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त. चारनंतर कोठडीत उजेड कमी होतो, कारण उजेडाची वाट म्हणजे समोरचे गज आणि मागच्या भिंतीत नऊ-दहा फुटांवरचा झरोका, बस्स.

उपाय सोपा: दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडताना आत. नाहीतरी पाच-साडेपाचला उजाडलेलं असतं, मंडळी जागी असतात. ऊन चढायच्या आत आधी सातवी विंग आणि कोठडी (ताम्हण यांचं समाधान), मग त्याच मजल्यावरून मनोऱ्याकडे. खाली उतरून पुन्हा चढायची गरज नाही. मग फाशीघर, कोलू, आणि शेवटी सावलीत छायाचित्र दालन आणि सात विंगांची प्रतिकृती. ज्यांना चढवत नाही त्यांनी प्रतिकृतीपाशी बसून इतरांची वाट पाहावी, तिथे समजण्यासारखं बरंच आहे.

जाता जाता एक दुरुस्ती, कारण दर सहलीत कोणीतरी सांगतंच: १८५७ चे कैदी या इमारतीत नव्हते. ते १८५८ पासून बेटांवर आणले गेले, ही इमारत त्यानंतर अर्ध्या शतकाने उभी राहिली.

गजाआड
शो चुकवू नका एवढंच म्हणेन. पिंपळाचं झाड गोष्ट सांगतं, लहान मुलंसुद्धा गप्प बसतात.

पायवाट
शोला विरोध नाही, शोवर भागवायला विरोध आहे. शो बघून झाला की 'जेल झालं' असं वाटतं. तिकीट वेगळं काढावं लागतं, हंगामात ते आधीच संपतं, हिंदी आणि इंग्रजीच्या वेळा वेगळ्या, आणि बसायचं उघड्यावर, म्हणजे पाऊस आला की गेलं. दिवसा जेल बघितलेल्यालाच रात्री दिवे कोणत्या विंगवर पडताहेत ते कळतं.

उंबरठा
तुम्ही दोघं एकाच खोड्यात अडकला आहात. सावरकरांची कोठडी की इमारत, एवढाच वाद. मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर नावं कोरली आहेत, ती वाचा. बंगाल आणि पंजाबची नावं संपता संपत नाहीत. अलीपूर बॉम्ब खटल्यातले बारींद्र घोष, उल्लासकर दत्त. गदर या क्रांतिकारी पक्षाचे सोहनसिंग भकना. इंदुभूषण रॉय यांनी १९१२ मध्ये कोठडीत गळफास घेतला. मे १९३३ च्या उपोषणात नळीने बळजबरीने दूध घातल्यामुळे महावीर सिंग, मोहन किशोर नमदास आणि मोहित मैत्र गेले. दुसऱ्या उपोषणानंतर, १९३७-३८ मध्ये, राजकीय कैद्यांना परत आणावं लागलं. मराठी गाइड घेतला की यातलं निम्मं गळतं, हे मान्य करा.

आणि इंग्रज गेल्यावर छळ संपला असंही नाही. मार्च १९४२ मध्ये जपानी आले. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ ला पोर्ट ब्लेअरला झेंडा फडकवला, तेव्हा याच जेलमध्ये स्थानिक लोक हेरगिरीच्या संशयावरून मार खात होते. डॉ. दिवाणसिंग कालेपाणी जानेवारी १९४४ मध्ये त्यातच गेले. शोमध्ये शौर्याचा सूर लावायचा म्हटलं की हे अवघड जातं.

ताम्हण
उंबरठा, पाट्या वाचायला हरकत नाही, पण आपल्या माणसाची कोठडी आधी बघणं म्हणजे बंगाल्यांना विसरणं नव्हे. बंगाली सहलीही आपल्या नावापाशीच थांबतात, त्यांना कोणी उपदेश करत नाही. आणि आता कोणीतरी माफीनाम्यांवर येईल, त्याआधीच सांगते: त्याला दुसरे धागे आहेत.

नकाशावाला
उरलेल्या विंगांचं कोणी बोललंच नाही. आज तीनच उभ्या आहेत. १९४१ च्या भूकंपात इमारत खिळखिळी झाली, दोन विंग जपानी काळात गेल्या, आणखी दोन स्वातंत्र्यानंतर आपणच पाडल्या. तिथे गोविंद वल्लभ पंत रुग्णालय उभं राहिलं. जुन्या कैद्यांनी आवाज उठवला म्हणून उरलेलं वाचलं, आणि ११ फेब्रुवारी १९७९ ला मोरारजी देसाईंनी ते राष्ट्रीय स्मारक म्हणून अर्पण केलं. गच्चीवरून समुद्राकडेच कॅमेरे वळतात. उलट बाजूला वळून रुग्णालय बघा आणि तुटलेल्या विंग मनाने जोडा, तेव्हा चाकाचा आकार पुरा होतो.

उंबरठा
आणि व्हायपर बेट? सेल्युलर बांधण्याआधीचं जेल आणि फाशीघर तिथे. १८७२ मध्ये व्हाइसरॉय मेयोला मारणाऱ्या शेरअलीला तिथेच फाशी दिलं. रॉसवर, म्हणजे आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, साहेबांचे बंगले, चर्च, बेकरी. एका बाजूला कोलूवर दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचा हुकूम, समोरच्या बेटावर नाचाचे हॉल. दोन्ही बघितल्याशिवाय कालापाणी ही वसाहत होती हे ध्यानात येत नाही. व्हायपरचं तिकीट काढताना एवढं विचारा: बोट बेटावर उतरवते, की लांबून फिरवून आणते?

पायवाट
व्हायपर खुशाल जोडा, जेलचे तास कापून नको. मोठ्या गटासाठी मार्ग एकच: पंधरा-पंधराचे दोन गट करा, एक कोठडीकडून सुरू, दुसरा प्रतिकृतीकडून. मधे मनोऱ्यात अदलाबदल. व्हरांडाही मोकळा राहतो.

ताम्हण
म्हणजे दोन गाइड. ते पैसे सहलवाला देणार की आपण, तेवढं आधी ठरवा. आणि प्रतिकृतीकडून सुरू होणाऱ्या गटात मी नाही.