याशिका मॅट कॅमेऱ्याच्या शटरची पाती अर्धीच उघडतात

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा): मॅट १२४जी, वर-खाली दोन लेन्सचा फिल्म कॅमेरा. बटण दाबलं की पाती अर्ध्यात थांबतात. उन्हाळाभर कॅमेरा टिनाच्या खोलीत होता. तेल सोडू का?

उत्तर १: तेल बिलकुल नको, भाऊ! उन्हानं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर आलं, म्हणून ती एकमेकांना चिकटतात. खालच्या लेन्सचा पुढचा भाग रबरी बुचानं दाबून डावीकडे फिरवा, निघतो. कानकाडीवर लायटरच्या पेट्रोलचे दोनच थेंब. पंपावरचं नको, डाग राहतो. हलक्या हातानं पुसा, शटर वीसेकदा मारा, परत पुसा. काडीला काळं लागणं थांबेस्तोवर.

उत्तर २: लेन्स लगेच बसवू नका जी, वाफ काचेवर बसते. रात्रभर झाकून ठेवा. सेल्फ टायमर लावूच नका, त्याचे गिअर अडकले की शटर सुटतच नाही.

प्रश्नकर्ता: पाती मोकळी झाली. १ सेकंदाचा शटरवेग मात्र रेंगाळतो.

उत्तर १: ती मंद शटरवेग सांभाळणारी गिअरमाळ. पुढची पट्टी उघडावी लागेल.