जावा १७ : मेथडचे ऐच्छिक पॅरामीटर कसे हाताळावेत?

खडूफळा : अहवाल काढणारी मेथड आहे. ग्राहक क्रमांक सक्तीचा. 'पासून' तारीख, 'पर्यंत' तारीख, फॉरमॅट आणि मेल पाठवायचा का, हे चार ऐच्छिक. साठ ठिकाणांहून कॉल होते आणि बऱ्याच ठिकाणी नुसतं नल (म्हणजे किंमतच नाही), नल, नल, फॉल्स. नवी लायब्ररी नको, भाषा बदलायची नाही. काय करावं?

रात्रपाळी : लोम्बोक ही लायब्ररी घ्या. क्लासवर @बिल्डर लावलं की हवी तेवढीच नावं देऊन ऑब्जेक्ट बांधणारा कोड ती स्वतः लिहिते, काम झालं.

डोंगरवाट : नवी लायब्ररी नको असं स्पष्ट लिहिलंय. शिवाय फील्डला दिलेली सुरुवातीची किंमत @बिल्डर धरत नाही. @बिल्डर.डिफॉल्ट लावायचं राहिलं तर फॉरमॅट नल येतो, आणि कंपाइलर फक्त वॉर्निंग देतो.

सांजवेळ : साधं ओव्हरलोडिंग करा की, एकाच नावाच्या पण वेगळे पॅरामीटर घेणाऱ्या मेथड.

डोंगरवाट : दोन्ही तारखा लोकलडेट या एकाच टाइपच्या आहेत. 'फक्त पासून' आणि 'फक्त पर्यंत' यांची सिग्नेचर (मेथडचं नाव आणि पॅरामीटरचे टाइप) एकच होते, कंपाइलच होणार नाही.

पाणवठा : मग पॅरामीटर ऑप्शनल टाइपचे करा, म्हणजे किंमत असेल किंवा नसेल असं सांगणारं वेष्टन. सिग्नेचर वाचूनच कळतं.

तळटीप : नका करू. ऑप्शनल जावा ८ मध्ये आलं ते परतीच्या मूल्यासाठी. पॅरामीटरला लावलं की तीन अवस्था होतात : भरलेलं, रिकामं आणि खुद्द ऑप्शनलच नल. नलची तपासणी सुटत नाही, वर कॉल करणाऱ्याला प्रत्येक किंमत गुंडाळावी लागते.
माझं मत रेकॉर्डला, म्हणजे सगळे पॅरामीटर एकत्र ठेवणारा जावाचा छोटा डेटा-क्लास. त्याच्या कॉम्पॅक्ट कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना किंमती तपासणारा भाग) फॉरमॅट नल असेल तर पीडीएफ धरा, 'पासून' ही 'पर्यंत'च्या पुढची असेल तर तिथेच एक्सेप्शन फेका. मात्र बाहेरून थेट न्यू वापरू नका, स्टॅटिक फॅक्टरी (ऑब्जेक्ट बनवून देणारी मेथड) द्या. नाहीतर पुढे एक घटक वाढला की सगळे कॉल मोडतात.

रात्रपाळी : कॉटलिनमध्ये हा प्रश्नच येत नाही.

तळटीप : कॉल जावातून होणार असतील तर येतो. जावासाठी ओव्हरलोड बनवणारं कॉटलिनचं @जेव्हीएमओव्हरलोड्स उजवीकडून एकेक पॅरामीटर गाळतं, त्यामुळे 'फक्त पर्यंत' मिळतच नाही.

सांजवेळ : सी-शार्पमध्ये २०१० पासून डिफॉल्ट किंमत देता येते. जावाने एवढं तरी द्यायला हवं होतं.

डोंगरवाट : तिथे ती किंमत कॉल करणाऱ्याच्या कोडमध्ये कंपाइल होते. लायब्ररीत ३० चं ५० करून नुसती डीएलएल (लायब्ररीची कंपाइल केलेली फाइल) बदललीत, तर कॉलर पुन्हा कंपाइल होईपर्यंत ३०च जातं.

पाणवठा : मीही रेकॉर्डच म्हणेन. आणि मेलचं बूलियन (ट्रू/फॉल्स) काढाच. कॉल वाचताना ट्रू म्हणजे काय ते कळत नाही.

खडूफळा : सगळ्यांचे आभार. साठही कॉल तपासले. चार ऐच्छिक म्हणजे सोळा जोड्या होऊ शकतात, प्रत्यक्षात तारखांच्या तीनच वापरात आहेत. म्हणून रेकॉर्ड नाही, बिल्डरही नाही. तीन वेगळ्या नावांच्या मेथड करतोय : संपूर्णअहवाल, अहवालपासून, अहवालपर्यंत. तिन्ही आतून एकाच प्रायव्हेट मेथडला कॉल करतील, नल फक्त तिथे. एक्सेल तीनच ठिकाणी लागतं, तिथे फॉरमॅट घेणारं एक ओव्हरलोड. मेल पाठवणं वेगळं काढलं.

तळटीप : जोड्या वाढल्या की अडकाल. असो. जुनी मेथड लगेच पुसू नका : आधी तिच्या आत नव्या मेथडचा कॉल लिहा, @डेप्रिकेटेड (आता वापरू नका अशी खूण) लावा, मग इंटेलिजे या एडिटरमध्ये इनलाइन करा, म्हणजे कॉलच्या जागी मेथडच्या आतला कोड येतो. साठही ठिकाणं एकदम बदलतील. पण त्या तीन मेथडमधून निवड करणारं इफ जुन्या मेथडमध्ये असेल, तर ते इफ साठ ठिकाणी उतरेल. ते कॉल हाताने बदला.