तंतुकणिकेला ‘ऊर्जाकेंद्र’ म्हणावं का?

खडूफळा
लहान मुलांसाठी प्राणिपेशीच्या चित्राला मराठी नावं देतेय आणि प्रत्येक भागाखाली एक वाक्य लिहितेय. तंतुकणिकेखाली (मायटोकाँड्रियाखाली) लिहिलं होतं, ‘हे पेशीचं ऊर्जाकेंद्र.’ वाचून दाखवलं आणि म्हटलं, दाखवा बरं कुठे आहे ते. दहा वर्षांच्या एका मुलीने ठामपणे मधल्या मोठ्या गोळ्यावर बोट ठेवलं. केंद्रकावर (न्यूक्लिअसवर)! तिचं मला काहीच चुकलेलं वाटत नाही. दोन्हींत ‘केंद्र’ आहे, मग तिने दुसरीकडे का बघावं? दुसरा शब्द सुचवाल का?

रानवाट
ऊर्जाघर? वीजघर? माझ्या भाच्याला ‘बॅटरी’ म्हटल्यावर लगेच कळलं होतं.

जुनी वही
बॅटरी नको, तिच्यात साठवण आली. तंतुकणिका साठवून ठेवत नाही. अन्नातली ऊर्जा ऑक्सिजनच्या मदतीने एटीपीच्या, म्हणजे पेशीला लगेच वापरता येणाऱ्या रेणूच्या, रूपात आणून देते. मी मुलांना सांगतो, मोठी नोट मोडून सुटे करून देणारी ती तंतुकणिका. ग्लुकोज ही नोट, एटीपी हे सुटे, आणि पेशीतले बहुतेक व्यवहार सुट्यांतच चालतात. (नोट मोडायला सुरुवात बाहेर पेशीद्रव्यातच होते, पण ते मोठ्या वर्गात.) शिवाय ‘केंद्र’ म्हटलं की एकच वाटतं. यकृताच्या एकेका पेशीत हजाराच्या वर तंतुकणिका असतात.

समास
घोळ ऊर्जाकेंद्रात नाही, ‘केंद्रक’ या शब्दात आहे. न्यूक्लिअस म्हणजे लॅटिनमध्ये कवचाच्या आतला गर, बी. ‘मध्यभाग’ हा मूळ अर्थच नव्हे. रॉबर्ट ब्राऊनने १८३१ साली हे नाव दिलं ते वनस्पतींच्या पेशी बघून, आणि तिथे तर मोठी रिक्तिका (पेशीतली द्रवाने भरलेली पिशवी) केंद्रकाला बरेचदा कडेला ढकलते. प्राण्यांतही चरबीच्या पेशीत ते कडेला चिकटलेलं असतं. हाडांना जोडलेल्या स्नायूंच्या एकेका पेशीत अनेक केंद्रकं, तीही काठाशी. माणसाच्या पक्व तांबड्या रक्तपेशीत ते नसतंच. मुलांना ‘केंद्रक’ शिकवायचं आणि मग ‘ते केंद्रात असेलच असं नाही’ म्हणायचं! ‘बीजक’ म्हणायला हवं होतं.

रानवाट
बीजक म्हणजे मालाची यादी आणि किंमत. व्यापारी लोक रोज वापरतात तो शब्द.

तत्सम
केंद्रकाचं सोडा, ‘पेशी’ हाच शब्द आपण चुकीच्या ठिकाणी लावला आहे. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या पेशी ५०० सांगितल्या आहेत, म्हणजे मांसाच्या पेशी, आपले स्नायू. हिंदीने हा अर्थ ‘मांसपेशी’त जपला आणि सेलला ‘कोशिका’ केलं. लॅटिन ‘सेला’ म्हणजे छोटी खोली. कोश त्याला अगदी जुळतो. मराठीने हट्ट सोडावा.

रानवाट
आमच्या घरी पेशी म्हणजे कोर्टातली तारीख. वडील ‘उद्या पेशी आहे’ म्हणाले की घर गप्प व्हायचं. शाळेत पेशीचा धडा आला तेव्हा मला धडकीच भरली होती. तो शब्द फारसीतून आलेला, हे पुष्कळ उशिरा कळलं.

जुनी वही
तत्सम, खोली मला मान्य नाही. रॉबर्ट हूकने १६६५ साली हे नाव दिलं ते बुचाच्या कापातले कप्पे बघून. त्याने त्यांची तुलना मधमाश्यांच्या पोळ्याशी केली होती. त्याला दिसल्या त्या मेलेल्या वनस्पतिपेशींच्या भिंती, आत काही नव्हतं. प्राणिपेशीला भिंत नसतेच, फक्त पटल, म्हणजे पातळ आवरण. गालाच्या आतून काडीने हलकेच खरवडा, काचपट्टीवर पसरा, मिथिलीन ब्ल्यूचा थेंब सोडा आणि बघा. फिकट निळा पातळ तुकडा, त्यात गडद निळा ठिपका, आणि एखादी कड चक्क मुडपलेली, रुमालाचा कोपरा मुडपावा तशी. पटल स्वतः जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाड, तेव्हा आपल्याला दिसते ती त्याची कड. पांढरी रक्तपेशी जिवाणूला कवेत घेते ती याच पटलाच्या जोरावर. खोली कधी मुडपते का? कवेत घेते का?

तत्सम
कोश म्हणजे फक्त खोली नाही. रेशमाचा कोशही कोशच, आणि तो मुडपतो.

समास
‘तंतुकणिका’ तरी कुठे आपली आहे? कार्ल बेंडाने १८९८ साली ग्रीक ‘धागा’ आणि ‘कण’ जोडून मायटोकाँड्रिऑन केलं, आपण दोन्ही तुकडे संस्कृतात आणले. मुलं ‘मायटोकाँड्रिया’ सहज म्हणतात.

जुनी वही
सहज म्हणतात, पण त्यातून त्यांना काही दिसत नाही. ‘तंतुकणिका’ ऐकून एका मुलाने मला विचारलं होतं, ‘मग ती धाग्यासारखी का मण्यासारखी?’ दोन्ही रूपं दिसतात, बाळा. नावातून प्रश्न निघाला, याहून नावाने काय करायचं?

खडूफळा
उद्या चित्र द्यायचंय. ऊर्जाकेंद्राचं काय करू?

रानवाट
नाम शोधूच नका, क्रियापद लिहा. ‘तंतुकणिका: अन्नातली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशी करून देते.’

खडूफळा
हे घेतलं. त्या मुलीला पुन्हा बोट ठेवायला सांगते.

तत्सम
कोशाचं अजून राहिलंय. तलवारीच्या म्यानालाही कोश म्हणतात...