मदत हवी आहे: खाणं सुरू केलं, पण हे नवं शरीर सोसवत नाहीये

नमस्कार मंडळी. नेहमीच्या आयडीने लिहायचा धीर झाला नाही म्हणून हा नवा काढला. आधीच एक विनंती: प्रतिसादात वजनाचे आकडे, कपड्यांची मापं, कॅलऱ्या यातलं काही लिहू नका. एक आकडा वाचला की तो दिवसभर माझ्या डोक्यात भुणभुणत राहतो.

तर, मला ईटिंग डिसऑर्डर आहे. आधी नुसतं खाणं तोडलं होतं, पुढे खाल्लेलं काढून टाकायला लागले. बरीच वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही. आता नऊ आठवडे झाले उपचार सुरू होऊन. डॉक्टर, आहारतज्ज्ञ, समुपदेशक अशी तिघांची फौज आहे. ठरवून दिलेलं खाते, काट्यावर पाठ फिरवून उभी राहते, आकडा फक्त आहारतज्ज्ञ बघतात. उलट्या बंद होऊन तीन आठवडे झाले. म्हणजे कागदावर सगळं छान चाललंय. घरचे खूश आहेत. मीच तेवढी नाही.

कारण पोट. हातपाय जवळजवळ होते तसेच आहेत आणि आलंय ते सगळं पोटावर नि कंबरेवर. दुसऱ्या कुणाचं तरी पोट उसनं आणून मला लावल्यासारखं दिसतं. थोडं खाल्लं तरी टम्म फुगतं आणि तासन्‌तास उतरत नाही. कानाखाली दोन्हीकडे गाल सुजलेत, गालगुंड झाल्यासारखे. उलट्या काढत होते तेव्हा इतके नव्हते, थांबवल्यावर वाढले, हा कुठला न्याय? संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर वळ उठलेला असतो, आणि बोटाने दाबलं की खळी पडते. काल ती खळी भरून येताना बघत बसले होते. भरली की पुन्हा दाबायची. असं किती वेळ चाललं होतं ते सांगत नाही.

शिवाय केस गळतायत ते आत्ता, खायला लागल्यावर! रात्री घामाने उशी भिजते. आणि भूक अशी लागते की जेवून उठतानाच पुढच्या खाण्याचे विचार सुरू होतात. आपण आता थांबणारच नाही अशी भीती वाटते.

त्यात माणसं. "तब्येत सुधारली हो!" मावशी मनापासून आनंदाने म्हणाली, मला कळतं. पण माझ्या कानात शिरेपर्यंत त्याचं "जाड झालीस" झालेलं असतं. त्या रात्रीचं जेवण कसं गेलं ते माझं मला माहीत.

मला विचारायचंय ते हे की पोट कायम असंच राहतं का? सकाळी कपडे घालायची वेळ येते तेव्हा तुम्ही नेमकं काय करता? (माझी एक जुनी जीन्स आहे, ती रोज चढवून बघते. चूक आहे, ठाऊक आहे.) आणि या "तब्येत सुधारली"ला काय उत्तर द्यायचं? सूज वगैरे मी डॉक्टरांना अजून सांगितलेली नाही. लाज वाटते.

प्रतिसाद १, अर्धा_चंद्र

मी पुरुष आहे हे आधी सांगतो, कारण हा बायकांचाच आजार समजून माझ्या घरी दोन वर्षं कुणी मनावर घेतलं नव्हतं. मीही नाही.

पोटाबद्दल: माझंही अगदी असंच झालं होतं. उपासमारीनंतर वजन परत येताना चरबी आधी धडावर साठते, हातापायांवर नंतर. वजन योग्य जागी येऊन तिथे टिकलं, की ती हळूहळू सगळीकडे पसरते. माझं साधारण वर्षभराने लक्षात आलं, तेही कुणीतरी जुना फोटो काढला म्हणून. मधल्या काळात घाबरून खाणं कमी केलंस तर घड्याळ पुन्हा शून्यावर. मी दोनदा केलंय, म्हणून सांगतोय.

तुझी भूक वाचून मला एक प्रयोग आठवला. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये अँसेल कीज या शास्त्रज्ञाने 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. स्वेच्छेने आले होते सगळे, कुणालाही खाण्याचा आजार नव्हता. तरी ते दिवसरात्र खाण्याबद्दलच बोलायला लागले, आणि पुन्हा खायला मिळाल्यावर कित्येकांची भूक बरेच आठवडे भागेना. गंमत म्हणजे त्यातल्या काहींनी पोट सुटल्याची, बेढब झाल्याची तक्रार केली होती. हे वाचलं तेव्हा मला एकदम मोकळं वाटलं. आपला हावरटपणा नाही, उपाशी शरीराचा हिशेब आहे.

जीन्स घरातून बाहेर काढ. "कपाटात मागे ठेवते" चालत नाही, मागे ठेवलेली पुढे येते. मी सैल, इलॅस्टिकच्या चार पँटी घेतल्या, लेबलं न बघता दुकानातच कापून टाकायला लावली. सकाळी आरशाकडे पाठ करून पाच मिनिटांत कपडे घालायचे नि बाहेर पडायचं. त्यात काही शौर्य नाही, पण दिवस सुरू होतो.

प्रतिसाद २, वाटसरू

रोज तासभर भरभर चाला आणि पोटाचे व्यायाम करा, महिन्यात आत जाईल. सकारात्मक राहा!

प्रतिसाद ३, अर्धा_चंद्र

वाटसरू, हेतू चांगला असेल, पण प्लीज नको. या आजारात व्यायाम हीसुद्धा अन्न "काढून टाकायची" एक वाट असते. डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तेवढाच.

प्रतिसाद ४, मीठभाकर

आहारतज्ज्ञ आहे, पण तुझी नाही, तेव्हा हे माहितीपुरतं धर.

सतत उलट्या होत असतात तेव्हा शरीरातलं पाणी कमी पडतं, म्हणून मीठ आणि पाणी धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. उलट्या थांबतात, पण ते लगेच खाली येत नाही. मग पाणी साठतं, घोटे सुजतात. जुलाबाच्या गोळ्या सोडल्यावरही हेच होतं. हे पाणी आहे, चरबी नाही, आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत ओसरतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नकोस. त्याने हेच चक्र नव्याने फिरायला लागतं, शिवाय पोटॅशियम घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. गालांच्या लाळग्रंथी उलट्या थांबवल्यावर काही दिवसांनी आणखी सुजतात हे खरं आहे. त्याही बसतात, जरा वेळ लागतो. पोट फुगतं कारण जठराची सवय मोडलेली असते, अन्न पुढे सरकायला उशीर होतो. नियमित खाणं हाच त्यावर इलाज, कितीही उलटं वाटलं तरी. केसांचं तर असं की शरीरावर ताण येऊन दोन-तीन महिने झाले की ते गळतात, म्हणजे आज गळतायत ते जुन्या उपासमारीचे.

इतकं सगळं "होतं असं" म्हटलं तरी डॉक्टरांना सांगच, आणि आजच. खूप काळ उपाशी राहिलेल्या माणसाचं खाणं वाढवताना रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम कोसळू शकतं, त्याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. धोका मुख्यतः सुरुवातीच्या दिवसांत असतो, तू त्यापुढे आली आहेस, पण सूज आहे म्हटल्यावर रक्त तपासलेलं बरं. धाप लागणं, छातीत धडधड, चक्कर, गोंधळल्यासारखं होणं, सूज एकाएकी वाढणं यातलं काहीही झालं तर इथे लिहीत बसू नकोस, थेट दवाखाना गाठ.

लाजेबद्दल एकच. माझ्यासमोर माणसं बसून हेच सांगतात, मोज्यांच्या वळासकट. आम्हाला त्यात नवल वाटत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांना धन्यवाद. वाटसरू, तुम्हालाही, राग नाही.

डॉक्टरांना फोन केला. आवाज कापत होता. त्या "हं, हं" करत ऐकत होत्या, मग म्हणाल्या, आधी का नाही सांगितलंस, उद्या सकाळी ये, रक्त तपासू. बस एवढंच. मी आठवडाभर ज्याची भीती धरून बसले होते ते दोन मिनिटांत उरकलं.

जीन्स टाकवली नाही अजून. ताईच्या घरी तिच्या कपाटात आहे, किल्ली तिच्याकडे. अर्धा_चंद्र, हे अर्ध्यात मोजा.

मावशीचा काल पुन्हा फोन आला. सुरुवातीलाच सांगून टाकलं, "मावशी, माझ्या तब्येतीचं काही बोलू नकोस गं, बाकी काहीही विचार." ती क्षणभर गप्प झाली. मग तासभर बाकी काहीही विचारत होती.