मदत हवी आहे: 17 वर्षांच्या मुलासाठी डोंगर आणि समुपदेशन एकत्र कुठे मिळेल? (सातारा)

नमस्कार. आम्ही सातारचे. मुलगा 17 चा. दहावीपर्यंत सगळं व्यवस्थित होतं, मग नीटच्या तयारीला बाहेरगावी होस्टेलवर ठेवला आणि दिवाळीला आला तो परत गेलाच नाही. आता कॉलेज बंद, रात्रभर जागा, दिवसा झोप, ताट खोलीत नेऊन द्यावं लागतं, वडिलांशी तर बोलणंच तुटलंय. सायकियाट्रिस्टना दाखवलं, डिप्रेशन म्हणाले, गोळ्यांनी झोप थोडी सुधारली, पण काउन्सेलिंगला खुर्चीत बसवलं की शब्द काढत नाही, सगळा वेळ नखं बघत बसतो.

एक मात्र आहे. माझा भाऊ त्याला अधनंमधनं अजिंक्यताऱ्यावर, यवतेश्वरला नेतो, थंडीत वासोट्यालापण नेलेलं. बामणोलीतून लाँच, पलीकडे फॉरेस्टची नोंदणी, मग दाट जंगलातली चढण, मोबाईलला रेंज नाही. तिथे पोरगं आपणहून बोललं, होस्टेलवर रात्री काय चालायचं, टेस्टचे मार्क सगळ्यांसमोर कसे वाचायचे, सगळं. भावाला काय बोलावं सुचेना, तो नुसता ऐकत चालला. त्यानंतर काही दिवस आमच्यात जेवायला बसत होता. मग परत दार बंद.

नणंद अमेरिकेत असते, तिने वाइल्डरनेस थेरपीबद्दल सांगितलं. तिकडे मुलं साधारण आठ ते बारा आठवडे जंगलात गटाने राहतात, पाठीवर सामान, ताडपत्रीखाली झोप, चूल स्वतः पेटवायची, थेरपिस्ट आठवड्याला येऊन भेटतो, घरच्यांशी पत्रं चालतात आणि पालकांचंही काउन्सेलिंग होतं. हे मला फार पटलं. पण वाचत गेले तसा पोटात गोळा आला. काही मुलांना म्हणे आईबापांच्या संमतीने अनोळखी माणसं मध्यरात्री अंथरुणातून उचलून नेतात. फेब्रुवारी 2024 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात अशा कॅम्पमध्ये 12 वर्षांचा मुलगा पहिल्याच रात्री गुदमरून गेला, पुढे सरकारने त्या कॅम्पचं लायसन्स काढून घेतलं.

आता ह्यांच्या ओळखीतल्या एकाने निवासी शिस्त शिबिर सुचवलंय, वर्षभर ठेवायचं, फोन नाही, भेट नाही. हे तयार आहेत, मी नाही. मला असं कुणी हवंय जे पोराला विचारून नेईल, सोबत शिकलेला समुपदेशक असेल, आणि आम्हा दोघांनाही समोर बसवेल. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे कुठेही चालेल. कुणाचा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

कृष्णाकाठ (सांगली): ताई, भेट बंद म्हणतात तिथे अजिबात पाठवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात 18 च्या आतल्या मुलाला भरती करायचं तरी दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं आणि पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत लागतं. हॉस्पिटलला एवढी अट आहे, मग आईला गेटवर अडवणारा शिबिरवाला कोण? मी शाळेत समुपदेशक आहे. काही पोरांना घाटावर चालवतच बोलतं करते, नजर समोरासमोर नसली की मोकळी होतात. तुमच्या काउन्सेलरना विचारा चालत सेशन घेतील का, भाऊ थोडा मागून चालेल. आणि एखाद्या रात्री फारच वाटलं तर टेली मानस 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात.

घाटवाटा: डोंगराचं मी सांगतो. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स वगैरे कुणी सुचवेल, कोर्स उत्तम आहे पण ते गिर्यारोहणाचं कडक ट्रेनिंग आहे, उपचार नाही, आत्ता नको. गोळ्यांची नावं घेऊन ट्रेकबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. लिथियम असेल तर घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं, त्रास होऊ शकतो. गोळ्या मनानं बंद मात्र करू नका.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार. कायद्याचं ह्यांना वाचून दाखवलं, आधी त्याला विचारू म्हणाले, एवढं पण खूप आहे. काउन्सेलर मॅडम यवतेश्वरला चालत सेशन घ्यायला तयार आहेत, गोळ्यांचं डॉक्टरांना उद्या विचारते. आता बापलेकाला एकत्र बसवणारं कुणी हवंय, साताऱ्यात येणारं किंवा ऑनलाइन. माहीत असेल तर इथेच लिहा, मी रोज रात्री बघते.