मदत हवी आहे: जुलैअखेर ते सप्टेंबर फुलणाऱ्या डेलिली (मध्य न्यू जर्सी, झोन ७)

नमस्कार मंडळी,

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत भरवशाने फुलणाऱ्या डेलिलीच्या (लिलीसारखं, पण एकाच दिवसाचं फूल देणारं झाड) जाती तुमच्या बागेत कोणत्या आहेत? कॅटलॉग मी भरपूर चाळले आहेत. त्यात प्रत्येकच जात 'भरपूर बहर, पुन्हा फुलणारी' असते. मला तुमच्या वाफ्यातला अनुभव हवा आहे. झोन (हिवाळ्यातल्या थंडीनुसार ठरलेला बागकामाचा विभाग, आकडा लहान तितकी थंडी जास्त), माती आणि ऊन किती हेही सांगितलंत तर तुलना करता येईल.

आमच्याकडची माती लाल आणि चिकण आहे, दीड-दोन फूट खणलं की शेल (पापुद्र्यांचा खडक) लागतो. वाफा घराच्या पुढच्या पायवाटेला लागून, पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे दुपारी एकपासून थेट ऊन. वाफ्यात दर वर्षी कंपोस्ट घालते, त्यामुळे निचरा आता बरा आहे. हरणांचा त्रास आहेच. होस्टा (सावलीत लावतात ते मोठ्या पानांचं झाड) तर ती मुळापर्यंत खातात, पण डेलिलीच्या कळ्याही सोडत नाहीत. कळ्या धरू लागल्या की दर आठवड्याला आणि प्रत्येक पावसानंतर अंड्याचा उग्र वास असलेलं औषध फवारते. त्याने बऱ्यापैकी निभावतं.

सध्या जे आहे ते असं:

स्टेला डी ओरो. ही सगळ्यांना माहीत असेल. बँकेच्या आवारात, पेट्रोलपंपावर, जिथे बघावं तिथे हीच. १९७५ साली नोंदलेली जात, १९८५ मध्ये तिला स्टाउट पदकही (डेलिलीच्या जातीला मिळणारा सर्वोच्च मान) मिळालं. माझ्याकडे मेअखेरीस सुरू होते, जूनभर वाफा पिवळाधमक करते आणि जुलैची उष्णता सुरू झाली की थांबते. पानंही मधूनमधून पिवळी पडतात. ऑगस्टअखेरीस परत फुलांचे चार दांडे येतात, पण त्याला बहर म्हणता येणार नाही. रंग थोडा नारिंगीकडे झुकणारा सोनेरी आहे, विटांच्या भिंतीपुढे मला तो फारसा खुलून दिसत नाही.

हॅपी रिटर्न्स. स्टेलाचीच मुलगी म्हणा, डॅरेल ॲप्स यांनी १९८६ मध्ये नोंदवलेली. लिंबासारखा स्वच्छ पिवळा रंग, मंद वास. माझ्या मते स्टेलापेक्षा ही कितीतरी सरस. सुरुवात जवळपास स्टेलाबरोबरच होते, पण वेळच्या वेळी पाणी दिलं तर दांडे अधूनमधून येत राहतात.

हायपेरियन. शंभर वर्षांपूर्वीची जुनी जात, तरीही वासाच्या बाबतीत माझ्या बागेत तिच्या जवळपास कुणी नाही. दांडे उंच, फूल मोठं आणि साधं. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात असते आणि संपते. एकदाच फुलते, पण त्यासाठी मी तिला कधीच काढणार नाही.

पार्डन मी. छोटी, गडद लाल. सकाळी बघत राहावी अशी. दुपारच्या उन्हात मात्र पाकळ्यांवर डाग पडतात आणि चारच्या सुमारास फूल भिजल्यासारखं दिसतं.

जोन सिनियर. पांढऱ्याच्या अगदी जवळ जाणारा रंग. नोंदणीत एव्हरग्रीन आहे, म्हणजे हिवाळ्यातही पानं हिरवी ठेवू पाहणारी, त्यामुळे इथल्या थंडीत मार्चमध्ये पानांचा लगदा झालेला असतो. पण फुटवे दर वर्षी नव्याने येतात आणि जुलैत फुलतेही छान.

थोडक्यात, जून भरलेला आहे, जुलैचा पूर्वार्ध भरलेला आहे आणि त्यानंतर वाफा हिरवा.

आई-बाबा नाशिकहून नेमके जुलैच्या उत्तरार्धात येतात आणि सप्टेंबरपर्यंत राहतात. आईला रोज सकाळी पूजेसाठी परडीभर फुलं तोडायची सवय आहे. इथे आल्यावर ती दुकानातल्या फुलांवर भागवते, ते मला आवडत नाही. डेलिलीचं फूल जास्वंदीसारखंच एका दिवसाचं, संध्याकाळी मिटणारच. सकाळी तोडलं तरी झाडाचं काही बिघडत नाही, उलट बी धरत नाही. म्हणून मला त्या दोन महिन्यांत रोज थोडी तरी फुलं हवी आहेत. मोठी, दुमडलेल्या कडांची, प्रदर्शनातली फुलं नकोत. साधी चालतील, जास्त हवीत.

दोन गोष्टी खास विचारायच्या आहेत. 'रीब्लूम' म्हणून विकल्या जाणाऱ्या जाती आपल्याकडे उत्तरेत खरंच दुसऱ्यांदा फुलतात का? आणि लाल रंगात दुपारचं ऊन सोसणारी जात कोणती?

प्रतिसाद (पेनसिल्व्हेनिया, झोन ६)

रीब्लूमचा नाद सोडा, असं स्पष्ट सांगेन. नवीन मोहक जातींतल्या बऱ्याच फ्लोरिडात तयार झालेल्या असतात. तिथे हंगाम लांब, त्यामुळे पहिला बहर वसंतात संपतो आणि दुसऱ्याला पुष्कळ वेळ मिळतो. आपल्याकडे पहिला बहर संपेपर्यंत जुलै उजाडतो, दुसरे दांडे वर येईतो थंडी. ती जात खोटी नसते, आपला उन्हाळा तिला पुरत नाही.

त्यापेक्षा नोंदणीतला फुलण्याचा काळ बघा. लवकर, मध्य, मध्य-उशिरा, उशिरा, अतिउशिरा अशी वर्गवारी असते. तुमच्याकडचं बहुतेक सगळं लवकर आणि मध्य गटातलं आहे. मध्य-उशिरात कॅथरीन वुडबरी (फिकट जांभळट गुलाबी, सुवासिक, १९६७ची) आणि फ्रान्स हाल्स (विटकरी आणि पिवळा असा दुरंगी) माझ्याकडे वर्षानुवर्षं आहेत. दोघी सुप्त जातीच्या, म्हणजे हिवाळ्यात पानं पूर्ण जातात. कसलीही थंडी सोसतात.

लालमध्ये शिकागो अपाची लावा. माझ्याकडेही पश्चिमेचं ऊन आहे, तरी संध्याकाळपर्यंत रंग टिकतो. पार्डन मी तिथून काढून पूर्वेच्या बाजूला न्या, तीच जात वेगळी वाटेल.

आणि सगळ्यात शेवटी ऑटम मिनारे. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमधल्या डॉ. स्टाउट यांची, १९५१ सालची. ज्यांच्या नावाने ते पदक आहे तेच हे स्टाउट. दांडा साडेपाच फुटांपर्यंत जातो, फूल लहान, मध्यम नारिंगी-पिवळं. जुलैच्या शेवटी सुरू होते आणि ऑगस्टभर, कधी सप्टेंबरातही फुलत राहते. तुमच्या आईंसाठी ही हवीच.

प्रतिसाद (ह्यूस्टन)

आमचा अनुभव बरोबर उलटा. इथे सुप्त जाती टिकत नाहीत, थंडीच पुरेशी पडत नाही म्हणून हळूहळू रोडावतात. आमच्याकडे एव्हरग्रीनच चालतात आणि त्या खरोखर दोनदा फुलतात. पण त्याची किंमत म्हणजे तांबेरा. पानाच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवलं की नारिंगी भुकटी लागते. हा रोग अमेरिकेत २००० साली पहिल्यांदा सापडला. हिरव्या पानांवरच तो जगतो, म्हणून तुमच्याकडे हिवाळ्यात पानं गेली की बहुतेक तोही जातो. तरी दक्षिणेतून रोपं मागवलीत तर पानं चार बोटं ठेवून छाटा, छाटलेली कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. पाणीही मुळाशीच द्या.

प्रतिसाद (लंडनजवळ)

आमच्याकडे वेगळीच कीड आहे, कळीत अंडी घालणारी बारीक माशी. कळ्या आखूड आणि फुगीर राहतात, उघडतच नाहीत, फोडून बघितलं तर आत पांढऱ्या अळ्या. अशा कळ्या दिसताच तोडून नष्ट करायच्या, दुसरा साधा उपाय नाही. सांगायचं कारण असं की लवकर फुलणाऱ्या जातींनाच हा त्रास जास्त होतो. माशीचा हंगाम संपल्यावर ज्यांना कळ्या येतात त्या बहुतांशी सुटतात. त्यामुळे मीही उशिराच्या जातींकडेच वळले आहे आणि त्याचं मला समाधान आहे.

प्रतिसाद (मिनेसोटा)

घरात मांजर आहे का? तोडलेली फुलं देवापुढे ठेवणार म्हणून विचारतो. खऱ्या लिलीप्रमाणे डेलिलीही मांजरांना विषारी आहे, पान, पाकळी, पराग सगळंच. मूत्रपिंडं निकामी होतात. शेजाऱ्यांचं मांजर घरात येत असेल तरी जपा.

बाकी स्टेलाबद्दल: गड्डा तीन-चार वर्षांनी फोडता का? दाट झाली की ती फुलं कमी करते. बहर संपल्यावर खणून दोन-तीन फुटव्यांचे भाग करा, पानं निम्मी कापा, दीड फुटावर लावा. वरच्या मातीत कंपोस्ट, आणि नंतर पाण्याचा ताण पडू देऊ नका. आमच्याकडे झोन ४ मध्येही ऑगस्टात ती परत दिसते, ती एवढ्यावरच.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. मांजर नाही, पण शेजारचं एक अंगणात येतं, म्हणून फुलं देवघराच्या वरच्या फळीवरच ठेवू. निर्माल्यही झाकणाच्या डब्यात टाकू.

हंगामाचा काळ बघून जाती निवडायच्या, हे उत्तर मला पटलं. शिकागो अपाची आणि कॅथरीन वुडबरी पायवाटेकडे, ऑटम मिनारे मागे भिंतीशी, आणि पार्डन मी पूर्वेला स्वयंपाकघराच्या खिडकीखाली असं ठरवते आहे. स्टेलाचे गड्डे सप्टेंबरच्या सुरुवातीला फोडीन, जमीन गोठण्याआधी मुळांना पुरेसा वेळ मिळेल.

पेनसिल्व्हेनियावाल्यांना एक विचारते. साडेपाच फुटांचा दांडा ऑगस्टच्या वादळी पावसात उभा राहतो का? आमच्या भिंतीपाशी वारा वळून जोरात येतो. काठीचा आधार सुरुवातीपासून द्यावा लागतो, की पुढे बुटकी झाडं लावली तर पुरतं? आणि हरणं एवढ्या उंचावरच्या कळ्यांपर्यंत पोचतात का?

प्रतिसाद (पेनसिल्व्हेनिया, झोन ६)

दांडा बारीक असला तरी चिवट असतो. उघड्यावर वाकतो, मोडत नाही. तुमच्याकडे वारा वळून येतो म्हणता, तर जूनच्या शेवटी दांडे निघतानाच गड्ड्याभोवती तीन काठ्या रोवून सुतळीचं एक कडं घाला. नंतर बांधायला गेलं की कळ्या तुटतात. हरणं आरामात पोचतात, तेव्हा फवारणी वरपर्यंत करा. फक्त आई ज्या दांड्यांवरची फुलं पूजेला तोडणार ते मोकळे सोडा आणि त्यांच्याभोवती जाळी लावा.