हतनूरचे पाहुणे आणि रविवारचा बेत

बी-३०२ काका: सुप्रभात मंडळी. आज पहाटे हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला पक्षी बघायला जाऊन आलो. चांगदेवच्या बाजूने काठावर उतरलो तेव्हा धुक्यात काहीच दिसेना, नुसता कलकलाट. ऊन आलं आणि पाणी उघडलं. वारकरी पक्षी भरपूर, चक्रवाकांच्या जोड्या, शेकाटे, नदी सुरय. पलीकडे पट्टकदंब हंस चरत होते! डोक्यामागचे दोन काळे पट्टे दुर्बिणीतून स्वच्छ दिसले. हिमालय ओलांडून येतात हो हे.

ए-१०४: वा काका! जवळून काढलेले फोटो टाका ना.

बी-३०२ काका: जवळचे नाहीत, आणि काढणारही नाही. एक जण मोबाइल धरून चिखलातून पुढे गेला, अख्खा थवा उठला. फार वाईट वाटलं. थंडीभर खाऊन अंगात चरबी धरायची आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तिबेट-मंगोलियाकडे परत निघायचं, असा त्यांचा हिशेब. आपण उडवलं की खाणंही बुडतं आणि ताकदही जाते.

सी-२०१ वहिनी: धरणात गाळ साचला अशी ओरड असते ना? मग पक्षी कसे येतात?

बी-३०२ काका: वहिनी, गाळाचं दुखणं खरं आहे. साठा घटतो, भुसावळच्या पाण्याचा प्रश्न आहे. पण तापी-पूर्णेच्या त्याच गाळाने काठ उथळ झालेत, आणि शेकाट्या, चिखल्या यांना तेवढंच पाणी लागतं. थापट्या बदकही तिथेच. एकाला बराच वेळ बघत बसलो. टोकाला रुंद झालेली चोच पाण्यात ठेवून गोल गोल फिरत होता. चोचीच्या आतल्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी बाहेर जातं, किडे आणि बिया आत राहतात.

डी-४०३: रविवारी पोरांना आणू का? पक्ष्यांना टाकायला पाव, शेव घेते.

बी-३०२ काका: पोरांना नक्की आणा ताई, पाव-शेव मात्र नको. त्यांचं खाणं पाण्यात आहे. भडक कपडे नकोत, स्पीकर घरीच राहू द्या. आणि संक्रांत जवळ आलीय, कोणीही पोरांना नायलॉन मांजा घेऊन देऊ नका, हात जोडून सांगतो. तो झाडाला अडकून राहतो, कुजत नाही, आणि बगळ्यांचे पंख कापतो.

सेक्रेटरी: रविवारी पहाटे साडेपाचला गेटवर. गाड्या कोण काढतंय ते सांगा.

सी-२०१ वहिनी: कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्याकडे.

बी-३०२ काका: कागदी-प्लास्टिकच्या प्लेटा नको वहिनी, भाकरी हातावरच घेऊ. दुर्बीण माझ्याकडे एकच आहे, अजून कोणाकडे असेल तर आणा.